नोटीस मराठीतून पाठवावी

पहिली नोटीस आली तेव्हा आनंदराव दारात स्कूटर पुसत होते. पोस्टमन यल्लाप्पाने पाकीट पुढे केलं. आनंदरावांनी ते उलटंसुलटं करून, उन्हात धरून पाहिलं, न फोडता स्कूटरच्या सीटवर ठेवलं आणि यल्लाप्पाच्याच पेनने त्यावर लिहिलं : 'नोटीस मराठीतून पाठवावी. कन्नड नोटीस घेण्यास नकार.' खाली सही, तारीख.

"अण्णा, आत काय हाय ते तरी बघा की," यल्लाप्पा म्हणाला.

"आत कन्नड हाय."

"कन्नडमधी काय हाय ते बघा म्हणतो मी."

"ते त्यांनी मराठीत सांगावं. आम्ही ह्या सीमाभागात भाषिक अल्पसंख्याक हाय. नियम हाय तसा."

यल्लाप्पाने पाकीट पिशवीत परत टाकलं. मी खिडकीतून बघत होते. आत काय आहे ते मला माहीत होतं, यल्लाप्पालाही अंदाज होता. माहीत करून घ्यायचं नव्हतं ते फक्त पाकिटावर ज्यांचं नाव होतं त्यांना. म्हणजे दोन नावांपैकी पहिलं. दुसरं माझं.

आनंदराव माझे पती. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते; आनंदराव हे मनातलं नाव, लांबून बघायला बरं पडतं. कन्नडशी त्यांचं भांडण फक्त कागदावर आहे. बाजारात ते कन्नडमधून भाव करतात, कारण दोन रुपये कमी होतात. वर्कशॉप चालू होतं तेव्हा कामगारांना शिव्या कन्नडमधून देत, आणि त्या शिव्या ऐकून जन्माने कन्नड असलेला फिटरही मान डोलवायचा. विजेचं बिल कन्नडमध्ये येतं, ते भरतात. "त्यात आकडे असत्यात, आकड्याला कसली भाषा?" न भरल्यास जे तोडलं जातं, ते सगळं आमच्या घरात मराठी समजलं जातं. कर्ज दिलेल्या पतसोसायटीची नोटीस न घेतल्याने मात्र दुसऱ्या दिवशी काहीच तुटलं नाही. आनंदरावांचा तत्त्वावरचा विश्वास वाढला.

तर कर्ज. उद्यमबागेत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, तीन माणसं, पंपाचे शाफ्ट बनवायचं काम. काम वाढलं म्हणून तिसरं मशीन घ्यायचं ठरलं आणि सोसायटीतून आठ लाख उचलले. सोसायटीचं नाव सांगत नाही. त्यांना त्यांची अब्रू आहे आणि आमची आम्हाला उरलेली आहे. पिरनवाडीतलं घर तारण दिलं. घर दोघांच्या नावावर, म्हणून कर्जावरही दोघांच्या सह्या. मी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, बाहेर रिक्षा थांबवून, मॅनेजर जिथे जिथे बोट ठेवेल तिथे तिथे सही केली. सोळा सह्या होत्या. लग्नाला इतक्या लागल्या नव्हत्या.

मग पंपाच्या कंपनीने शाफ्ट कोइमतूरहून घ्यायला सुरुवात केली. तिसरं मशीन विकलं, माणसं गेली, उरलेल्या दोन लेथ एका मित्राच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेल्या. आनंदराव दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर झाले. मी टिळकवाडीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं आहे. माझ्या पगारावर घर चालत होतं, अदितीची पुण्यातली फी जात होती, आणि हप्ता मात्र कुणाच्याच पगारावर जात नव्हता. माझ्या पाटल्या दुसऱ्या एका बँकेत गहाण होत्या. त्या निदान कपाटापेक्षा सुरक्षित होत्या.

या सगळ्यावर बोलावं म्हणून मी बरेच प्रकार केले. जेवताना बोलले, तर टीव्हीचा आवाज वाढला. जेवणानंतर बोलले, तर त्यांना चौकात काम निघालं. एका रविवारी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सगळं मांडलं : सोसायटी, पाटल्या, फी, गल्लीच्या भिशीतून उचललेले चाळीस हजार. त्यांच्या समोर ठेवलं. त्यांनी पान पाहिलं, छान सपाट आहे असं वाटलं असावं, आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"मार्चनंतर बघू," ते म्हणाले.

"मार्चनंतर बघायला घर असेल का?"

"असंल की. घर कुठं जातंय?"

"घर जात नसतं. आपण जातो."

"तू लई पुढचं बोलतीस," म्हणाले आणि चहा संपवून उठले.

अदितीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, पप्पांशी नीट बोल ना. तुझं ऐकतात ते." मी विचारलं, कधी? तिने आठवायचा प्रयत्न केला, मग म्हणाली, रेंज जातेय.

म्हणून एक दिवस कॉलेजातून लवकर निघून मी एकटीच सोसायटीत गेले. मॅनेजर मारुतीराव. सह्यांच्या वेळी बोट ठेवणारे तेच. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. सहा लाख चौऱ्याऐंशी हजार.

"आक्का, एक स्कीम हाय," ते म्हणाले. "एकतीस मार्चच्या आत अर्ज दिला तर दंडव्याज सगळं माफ. थोडी रक्कम आत्ता, बाकीचे हप्ते पाडून देतो. न्हाय दिला, तर मग हेड ऑफिस घराच्या लिलावाचं बघतंय. माझ्या हातात न्हाय ऱ्हात."

"मग द्या अर्ज. मी सही करते."

"दोघांची पाहिजे. माझ्यासमोर. अण्णांना घेऊन या की."

घेऊन या. पिशवीतून आणायची वस्तू असल्यासारखं. मी "बघते" म्हणाले आणि दाराजवळच्या बाकावर थोडा वेळ बसले. समोर इतर लोक येत होते. एक नवरा-बायको आले, काउंटरवर भांडले, तिथेच पैसे मोजले आणि भांडतच गेले. मला त्यांचा हेवा वाटला. पन्नाशीच्या उंबऱ्यावर माणसाला कशाचा हेवा वाटेल, सांगता येत नाही.

आणखी दोनदा गेले. दर वेळी मारुतीराव दाराकडे बघायचे, माझ्या मागून कुणी येतंय का. मीही मागे वळून बघायची. सवयीने.

तोवर दुसरी नोटीस आली आणि परत गेली. मग तिसरी. तिसऱ्या वेळी गल्लीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भरमूअण्णा चौकात उभे होते. त्यांनी यल्लाप्पाला विचारलं, हे काय परत चाललंय? यल्लाप्पाने सांगितलं. भरमूअण्णा तसेच आमच्या दारात आले आणि आनंदरावांना मिठी मारली.

पुढच्या रविवारी मंडळाचा वर्धापनदिन होता. आनंदरावांचा सत्कार ठरला.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. शाल, श्रीफळ, फेटा. भरमूअण्णा माईकवर म्हणाले, "एक न्हाय, दोन न्हाय, तीन नोटिसा! तीन येळा परत! असा ताठ कणा ह्या मातीत अजून हाय!" टाळ्या. नोटीस कशाची, हे त्या मांडवात कुणीही विचारलं नाही. आनंदराव फेट्यात उंच दिसत होते. वर्कशॉप बंद झाल्यापासून मी त्यांना असं सरळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. टाळ्या वाजवू नयेत असं ठरवून आले होते, तरी दोनतीन वाजल्या.

शेजारी बसलेल्या शालूबाईंनी मला कोपर मारलं. "कसली नोटीस गं?"

"कर्जाची."

"व्हय?" त्यांनी स्टेजकडे बघितलं. "आमाला बी आलती. आमी घेतली. येडी माणसं आमी."

पुढच्या पंधरवड्यात गल्लीतल्या चार घरांनी नोटिसा परत केल्या. त्यातली एक घरपट्टीची होती आणि एक गॅस एजन्सीने पाठवलेलं दिवाळीचं उशिरा पोचलेलं शुभेच्छापत्र होतं. यल्लाप्पा मला म्हणाला, "आक्का, पिशवी घेऊन जातो तेवढीच परत आणतो. कायतरी करा."

एकदा सत्कार झालेल्या माणसाला समजावणं आणखी अवघड असतं. तो आता एकटा माणूस राहिलेला नसतो, गल्लीचा असतो. आनंदराव गल्लीचे झाले. संध्याकाळी चौकात त्यांच्याभोवती चार माणसं असायची. घरात मी असायची, आणि भिंतीवर फेट्यातला फोटो.

शेवटी मी त्यांच्याच शब्दाला धरलं. मराठीतून पाहिजे ना? मिळेल.

मारुतीरावांकडे गेले. म्हटलं, नोटीस मराठीत द्या.

"आक्का, मी बी मराठीच की. पण हेड ऑफिसचा फॉर्मच कन्नडमधी येतो. मराठीत करणार कोण?"

"मी करते. तुम्ही शिक्का मारा."

त्यांनी शिक्का उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "करा. तुमचीच नोटीस, तुमी करायला काय हरकत असंल?"

माझं माहेर निपाणीचं, घरात शब्दभर कन्नड नव्हतं. नोकरी टिकवायला खात्याची कन्नड परीक्षा दिली होती, दुसऱ्या खेपेला पास झाले होते. ती विद्या बावीस वर्षं पुस्तकांच्या याद्यांवर खर्च झाली. आता दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात, वाचनकक्ष रिकामा असताना, डबा बाजूला सारून मी स्वतःलाच पाठवायची नोटीस लिहायला बसले.

विचित्र काम होतं. 'आपण व आपली पत्नी यांनी संयुक्तपणे' असं लिहायचं, आणि संयुक्तपणे काय काय केलं ते आठवायचं. घर बांधलं, अदिती. त्यानंतर बराच वेळ पेन थांबलं. माझ्यासाठी मूळ नोटिशीत एक शब्द होता, त्याचा अर्थ सहकर्जदार. चोवीस वर्षांत मला अर्धांगिनी, सहचारिणी, गृहलक्ष्मी असं बरंच काही म्हणून झालं होतं, बहुतेक पत्रिकांवर. हा एकच शब्द असा होता की त्याच्या बाजूला हिशोब जोडलेला होता.

शेवटचा परिच्छेद मूळ नोटिशीत नव्हता. तो मी घातला : 'या कामी दोघांनी एकत्र येणे आवश्यक आहे. एकटीने येऊन काहीही होत नाही, याची नोंद घ्यावी.' सोसायटी 'एकटीने' म्हणणार नाही, हे मला कळत होतं. खोडलं नाही.

मारुतीरावांनी न वाचता शिक्का मारला. "मराठीत हाय म्हणजे बरोबरच असणार," म्हणाले.

यल्लाप्पा पाकीट घेऊन आला तेव्हा आनंदराव दारातच होते. पेन त्यांनी आधीच मागितलं होतं. मग त्यांनी पाकीट पाहिलं. वर मराठीत पत्ता, मराठीत 'कर्जवसुली विभाग', मराठीत शिक्का. यल्लाप्पा माझ्याकडे बघत नव्हता, इतका की ते कुणाच्याही लक्षात यावं.

"घ्या अण्णा," तो म्हणाला. "मागितलंसा ते आलं."

आनंदरावांनी पेन परत दिलं. मग पोचपावतीवर सही करायला परत मागून घेतलं.

पाकीट दोन दिवस फ्रिजवर पडून होतं. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर ते फोडलेलं होतं आणि ते खुर्चीत बसले होते. टीव्ही बंद. मी भाजी निवडायला बसले. मेथी होती, तिला वेळ लागतो. आता काहीतरी बोलतील असं वाटून मी एकेक पान वेगळं करत राहिले.

"भाषा बरी हाय," ते म्हणाले.

"कुणाची?"

"सोसायटीची."

मी वाट पाहिली. मेथी संपली. ते उठले, कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला, आणि चौकात गेले. त्या संध्याकाळी मी जेवायला दोन ताटं घेतली, त्यांचं झाकून ठेवलं, आणि माझं संपवलं. चव चांगली झाली होती. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून इथे सांगते.

एकोणतीस मार्चला मी सहाव्यांदा सोसायटीत गेले. मुदत वाढवून मागायची, एवढंच ठरवलं होतं. काय कारण सांगायचं तेही बसमध्ये पाठ केलं होतं : नवऱ्याची तब्येत. खोटं नव्हतं फारसं.

मारुतीराव मला बघून उठलेच. "या आक्का. तुमचीच वाट बघतोय. तुमची तेवढी सही ऱ्हायली."

त्यांनी अर्ज पुढे सरकवला. चार पानं, कन्नड. चौथ्या पानावर पहिल्या रकान्यात आनंदरावांची सही होती. तारीख कालची.

मी ती सही बराच वेळ बघितली. खरी आहे का, असं नव्हे. 'द'चं शेपूट ते लांब ओढतात, ते होतं.

"काल दुपारच्याला आलते," मारुतीराव म्हणाले. "मी म्हटलं, अण्णा, कन्नड हाय, वाचून दाखवू? म्हणाले, द्या इकडं. चारी पानं वाचली, आक्का. बोट फिरवून. आणि नोव्हेंबरचं दंडव्याज दोनदा धरलंय म्हणून दाखवलं. खरंच धरलं हुतं! तीन हजार एकशे चाळीस कमी झाले. अण्णांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं हाय की."

"खानापूरकडच्या सरकारी शाळेत कन्नड शिकलेत," मी म्हणाले. हे मला माहीत होतं. नुसतं माहीत होतं. त्याचा काही अर्थ होतो हे त्या क्षणापर्यंत लक्षात आलं नव्हतं. पाकीट उलटंसुलटं करताना उन्हात धरलेलं, खिडकीसारख्या पारदर्शक कागदातून आत बघितलेलं, सगळं आता नव्याने दिसायला लागलं. रक्कम त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तीन महिने आम्ही दोघं एकाच घरात एकच आकडा घेऊन वेगवेगळ्या खोल्यांतून हिंडत होतो.

"सुरुवातीची रक्कम?" मी विचारलं.

"दोन लेथ विकायच्या म्हणालेत. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. पानात लिवलंय बघा, दोन लाख दहा हजार."

लेथ विकणार असल्याचं मला सोसायटीच्या अर्जातून कळलं. कन्नडमध्ये.

"आणि एक," मारुतीराव जरा अवघडून म्हणाले. "मला विचारले, ती किती येळा आलती? म्हटलं, पाचदा. कुठं बसायची? मी बाक दाखवला. तिथं जाऊन बसले पंधरा मिनटं. चहा सांगू का म्हटलं, नको म्हणाले. जाताना म्हणाले, तिला सांगू नका मी आलतो म्हणून. आता सही तर दिसणारच की, आक्का. लपवू कुठं?"

मी त्यांच्या सहीच्या शेजारी सही केली. दोघांची समोर पाहिजे हा नियम मारुतीरावांनी आपल्या पद्धतीने पाळला : दोघंही त्यांच्यासमोरच होतो, मध्ये फक्त एक दिवस होता. घर वाचलं. मी मनात आनंद शोधत होते; असतो अशा वेळी, लोक सांगतात. पावती पर्समध्ये ठेवली, चेन लावली, पुन्हा उघडून बघितली. मग बाहेर येऊन बसची वाट बघत राहिले.

घरी आनंदराव टीव्हीपुढे होते.

"उशीर झाला?" त्यांनी विचारलं.

"सोसायटीत गेलते."

टीव्हीवर कुणीतरी वांगी चिरत होतं.

"सही बघितली," मी म्हणाले.

"हं."

"मला बरोबर न्यायचं होतं की. मी तीन महिने तेवढंच मागत होते. सही नव्हती मागत मी."

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा घातला. "तुझ्यासमोर वाचलं असतं ना ते," ते टीव्हीकडे बघत म्हणाले, "तर मग मला वाचता येतंय हे तुला कळलं असतं."

यावर काय बोलतात ते कुठल्याच भाषेत मला येत नव्हतं.

"लेथ उद्या उचलणार हाईत," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"मी येऊ?"

"नको." मग, "तिथं बघवायचं न्हाय तुला." मग आणखी थोड्या वेळाने, "मला बी."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले आणि एकटेच आले. हाताला ग्रीस होतं. नसतं तरी चाललं असतं, उचलायला माणसं होती. साबणाने तीनदा हात धुतले. मी टॉवेल दिला. त्यांनी घेतला.

चार दिवसांनी, चौकात जायला चप्पल घालता घालता ते म्हणाले, "पहिला हप्ता पाच तारखेला हाय."

"माहीत आहे."

"तू कॉलेजातनं किती वाजता सुटतीस?"

"साडेपाच."

"सोसायटी पाचला बंद होते." त्यांनी दुसरी चप्पल घातली. "मग मीच भरून येतो."

ते गेटपर्यंत गेले. मी त्यांना जाऊ दिलं असतं. तशी सवय होती मला, आणि त्यांनाही.

"अर्धी रजा टाकते," मी म्हणाले.

ते थांबले. मागे वळले नाहीत. "टाक," म्हणाले आणि गेट लावून गेले.

रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना असतो. बावीस वर्षांत मी त्यात ताप, बारसं, सासऱ्यांचं दिवसकार्य, अदितीची दहावी असं बरंच लिहिलं होतं. या वेळी लिहिलं : 'पतीबरोबर हप्ता भरण्यासाठी जायचे आहे.' ऑफिसातल्या मुख्य क्लार्क अक्काताईंनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"एवढ्याला अर्धी रजा? एकटं जाऊन भरता येत न्हाय व्हय?"

"येतं की," मी म्हणाले. "दोघांनाही येतं."

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी अर्ज मंजूर केला.